आत आलेल्यांतला फरक

अर्नेस्टीन बॉईकिनला गाता येत नव्हतं. तिच्याबद्दल हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्या चर्चमध्येही तिची ओळख करून देताना हेच आधी सांगत. अलाबामा सोडून ती उत्तरेत, एरी सरोवराकाठच्या या शहरात आली, आणि पहिल्याच रविवारी तिनं गायकवृंदात नाव दिलं. वृंदप्रमुख ब्रदर पेटवेंनी तिला दोन ओळी म्हणायला लावल्या, डोळे मिटून ऐकून घेतल्या आणि फार मायेनं म्हणाले, "सिस्टर, परमेश्वरानं तुम्हाला उभं राहण्याची काय सुंदर ढब दिली आहे!"

तेव्हापासून ती दारात उभी होती. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. आलेल्याला जागा दाखवायची, भावनेच्या भरात कुणी कोसळलं तर पंख्यानं वारा घालायचा, आणि प्रवचन चालू असताना कुणी उगाच ये-जा करणार नाही याकडे लक्ष ठेवायचं. द्वारसेवक मंडळातल्या कुणालाच गाता येत नव्हतं. तो त्या मंडळाचा नियम नव्हता, उगम होता.

आठवड्याचे बाकीचे दिवस ती महापालिकेच्या नोकरभरती मंडळात, चाचणी विभागात बसे. तिथं तिला तिची ढब बघून घेतलेलं नव्हतं, संख्याशास्त्रातली पदवी बघून घेतलं होतं. त्या मजल्यावर अशी घेतलेली ती पहिली काळी बाई. याची आठवण तिला कुणी ना कुणी करून देई, बहुधा कौतुकाच्या सुरात आणि बहुधा तिचा अहवाल न वाचताच.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शहराच्या अग्निशमन दलाची भरती कैक वर्षं अडून पडलेली होती. जुन्या लेखी चाचणीत काळे उमेदवार गोऱ्यांच्या मानानं फार मोठ्या संख्येनं गळत. दलातल्या काळ्या जवानांच्या संघटनेनं खटला भरला होता. आग विझवणाऱ्या माणसाला 'उदार'चा विरुद्धार्थी शब्द येण्याची गरज काय, असं न्यायाधीशांनी भर सुनावणीत विचारलं, तेव्हा पालिकेच्या वकिलानं उत्तरासाठी मुदत मागून घेतली होती. शेवटी चाचणी रद्द झाली, नवी करायचं ठरलं, आणि नवी केली अर्नेस्टीननं. शिड्या, नळ, पंप, धूर, दारं. प्रत्येक प्रश्न कामाशी बांधलेला. असं काही तिनं आयुष्यात दुसरं केलं नव्हतं, आणि ते चांगलं झालंय हे तिला ठाऊक होतं.

नवी चाचणी उमेदवारांना आधी दाखवायची तर ती बाहेर फुटणार. म्हणून ती नोकरीत असलेल्या जवानांवर करून पाहिली. अर्नेस्टीन केंद्राकेंद्रांवर गेली. केंद्रातल्या स्वयंपाकघरात, स्पॅगेटीच्या वासात बसून काळ्या आणि गोऱ्या जवानांनी पेपर सोडवले, मधेच घंटा झाली की पेपर टाकून आगीवर गेले, आणि परत येऊन काजळलेल्या बोटांनी पुढचे प्रश्न सोडवले. दोन्ही गटांच्या गुणांत फरक निघाला अगदी किरकोळ. तिच्या साहेबांनी, डॉक्टर क्रेमर यांनी, तो आकडा बघून समाधानानं खुर्ची मागे कलती केली, आणि ते एरवी तसं कधी करत नसत.

सोमवारी तिला हा आकडा शपथेवर सांगायचा होता. न्यायाधीशांनी मान्य केला की चाचणी डिसेंबरात आणि नेमणुका जानेवारीत. शुक्रवारी पालिकेचे वकील लोनर्गन यांनी तिची तालीम घेतली.

"फरक किती आढळला?"

"दुर्लक्ष करण्याजोगा."

"दुर्लक्ष नको. आमच्यावर आरोपच त्याचा आहे. 'किरकोळ' म्हणा."

"किरकोळ."

"छान. विचारलं तेवढंच सांगायचं. साक्षीदार बुडतो तो उत्तरानं नाही, उत्तराच्या पुढच्या वाक्यानं बुडतो."

रविवारी प्रवचन लांबलं. जॉर्जियाहून पाहुणे पाद्री आले होते आणि त्यांना घाई नव्हती. मधेच चौथ्या बाकावरून लमार स्पायव्ही उठला. उजव्या हाताचं एक बोट वर धरून, पाठ वाकवून, चवड्यांवर चालत तो बाहेर निघाला. देवाचं वचन चालू असताना उठायचं तर तसंच उठायचं. माफ करा, पाठ फिरवतोय पण मनातून नाही, एवढंच त्या बोटाचं म्हणणं असतं. लहान पोरं हे बोट चालायच्या आधी शिकतात. अर्नेस्टीननं दार उघडून धरलं.

"गाडी हलवून येतो, मिस अर्नेस्टीन," तो कुजबुजला. "कुणाच्या तरी दारात लावलीय."

"देवाच्या दारात लावली असतीस तर निदान दंड तरी झाला नसता."

लमार हा तिच्या मैत्रिणीचा, द्वारसेवक मंडळाच्या प्रमुख ओला मे यांचा मुलगा. पोलाद कारखान्याच्या गोदामात माल चढवायचा आणि संध्याकाळी वाळूची पोती खांद्यावर घेऊन चर्चच्या मनोऱ्याचे जिने चढायचा-उतरायचा. त्याला बंबावर जायचं होतं. लहानपणी सगळ्यांनाच जायचं असतं; त्याचं ते गेलं नाही, इतकंच. पण दलात भरतीला वयाची अट होती आणि फेब्रुवारीत लमार त्या अटीच्या पलीकडे जाणार होता.

प्रवचनानंतर तळघरातल्या दालनात जेवण होतं. तळलेली कोंबडी, हिरवी भाजी, मक्याची पोळी. पाहुण्या पाद्रींनी कोंबडीची तंगडी चाटून पुसून खाल्ली आणि ब्रदर पेटवेंना डिवचलं.

"खरं सांगा ब्रदर. तुमच्या वृंदात जॉर्जियाची माणसं आहेत, अलाबामाची आहेत. गळा कुणाचा चांगला?"

"रेव्हरंड, इतकी वर्षं ऐकतोय," पेटवे छातीवर हात ठेवून म्हणाले. "काडीचा फरक नाही. डोळे मिटून ऐका, कोण कुठला ते सांगून दाखवा. जॉर्जिया काय, अलाबामा काय, देवानं गळा वाटताना हात आखडता घेतलेला नाही."

"डोळे मिटूनच ऐका हं!" ओला मे पलीकडून ओरडल्या. "उघडलेत तर दारात कोण उभं आहे ते दिसेल. सगळी अलाबामा उभी आहे तिथं!"

सगळं दालन हसलं. पाहुणे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. अर्नेस्टीनही हसली, तोंडाला रुमाल लावून. मग तिचा रुमाल तोंडावरच राहिला.

पेटवे खोटं बोलत नव्हते. वृंदात खरोखरच फरक नव्हता. असणार कसा? ज्याचा गळा वाईट त्याला पेटवेंनी आधीच दारात उभं केलं होतं. उरलेले सारखे गाणारच. अलाबामाचे जे आत पोचले ते चाळणीतून पोचलेले, आणि जे पोचले नाहीत ते हातमोजे घालून इथं जेवत होते. गळ्यांतला फरक मोजायचा तर तिला, ओला मेंना, सगळ्या मंडळाला गायला लावायला हवं होतं.

आणि तिनं शिड्या-पंपांचे पेपर कुणाकडून सोडवून घेतले होते? जुन्या चाचणीच्या चाळणीतून आत आलेल्यांकडून. जुनी चाचणी वाचनाची होती, नवीही शेवटी वाचनाचीच. शिड्यांबद्दलची असली तरी वाचनाची. तिनं वृंदाला गायला लावलं होतं आणि सोमवारी कोर्टाला सांगणार होती की या गावात सगळे सारखंच गातात.

"मिस अर्नेस्टीन, बरं वाटत नाही का?" लमार समोर बसला होता. गाडी हलवून आला होता, ताट भरून घेतलं होतं.

"कोंबडी तिखट आहे."

"आईनं केलीय. तिच्या तोंडावर बोलू नका."

"बोलू दे," ओला मे येऊन बसल्या. "उद्या तिला जे बोलायचंय ते बोलली की आयुष्यभर माझ्या कोंबडीला नावं ठेवू दे. अगं अर्नेस्टीन, आम्ही दोघं येतोय कोर्टात. लमारनं सुट्टी टाकलीय. तू त्या खुर्चीत बसलीस की मी मागून डोळ्यांनी खूण करणार: ही आमची आहे."

"कोर्टात खुणा करू नयेत, ओला मे."

"मग नुसती बघेन. जानेवारीत नेमणूक, फेब्रुवारीत वाढदिवस. देवानं एक महिना मुद्दाम मधे ठेवलाय बघ."

 लमारनं कॉलर सैल केली, आणि पोत्यांनी खांद्यावर पडलेला वळ अर्नेस्टीनला दिसला. ओला मेंनी निघताना रताळ्याच्या गोड पाईचा मोठा तुकडा चांदीच्या कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबला.

घरी येऊन तिनं पाईचा तुकडा टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी कागद. चाळणीतून आलेल्यांच्या फरकावरून चाळणीआधीचा फरक अंदाजायचं सूत्र जुनं होतं. शिकताना तिनं ते पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर सगळे विसरतात तसं विसरली होती. गणित दोनदा केलं. दोन्ही वेळा आकडा शपथेवर सांगायच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट आला, जुन्या चाचणीतल्या फरकाच्या आसपास. म्हणजे दारात उभ्या असलेल्या खऱ्या उमेदवारांना हा पेपर दिला, तर काळी पोरं पुन्हा तशीच गळणार होती. फरक एवढाच, की या वेळी ती कोर्टाच्या शिक्क्यानिशी गळणार आणि पुढे कितीतरी वर्षं त्या चाचणीकडे कुणी बोट दाखवू शकणार नाही.

आणि हे बोललं, तर भरती थांबणार. लमारचा महिना गेला.

पाईचा तुकडा तसाच राहिला. सकाळी तिनं तो फ्रीजमध्ये ठेवला आणि कोर्टात गेली.

बाहेरच्या दालनात क्रेमर आणि लोनर्गन उभे होते. तिनं दोघांना सांगितलं, हळू आवाजात, कारण जिन्यावर ओला मे लमारचा टाय सरळ करत होत्या.

क्रेमरनी चष्मा काढून पुसला. "नोकरीतल्या माणसांवर चाचणी करून बघणं ही मान्य पद्धत आहे, मिसेस बॉईकिन."

"चाचणी कामाची आहे का, हे बघायला मान्य आहे, सर. गटांमध्ये फरक किती, हे बघायला नाही. फरक त्यात दबतो."

"हे तुम्हाला शुक्रवारी का नाही सुचलं?"

तुम्हाला का नाही सुचलं, असं तिनं विचारलं नाही. त्यांना सुचलं असावं, अशी शंका त्याच क्षणी तिला आली. चष्मा मुळात स्वच्छ होता.

लोनर्गन मात्र घाबरले नव्हते. त्यांना गणित येत नव्हतं, पण कोर्ट येत होतं. "मी विचारणार, तुमच्या अभ्यासात फरक किती आढळला. किरकोळ आढळला. यात खोटं काय?"

"काही नाही."

"मग झालं तर."

"समोरचा वकील विचारेल."

"तो?" लोनर्गन हसले. "अहो, त्याच्या अशिलांना चाचणी ख्रिसमसच्या आत हवीय. या इमारतीत तो प्रश्न विचारायची इच्छा असलेला एकही माणूस नाही, मिसेस बॉईकिन. तुम्ही धरून."

हे शेवटचं खरं होतं, आणि तेच तिला लागलं.

शपथ झाली. नाव, पद, शिक्षण. अभ्यास केलात का? केला. जवान काळेही होते, गोरेही? होते. फरक किती आढळला?

"किरकोळ," ती म्हणाली. आवाज चांगला लागला. गाण्यात तो कधी असा लागला नव्हता.

लोनर्गन बसले. संघटनेचा वकील अर्धवट उठला. "आम्हाला काही विचारायचं नाही, युवर ऑनर." आणि बसला. न्यायाधीश म्हातारे, गोरे, प्रेस्बिटेरियन पंथाचे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "धन्यवाद. तुम्ही जाऊ शकता."

झालं होतं. एवढंच होतं. कुणी विचारलं नव्हतं, ती खोटं बोलली नव्हती. मागच्या बाकावर ओला मे पर्स छातीशी धरून बसल्या होत्या आणि शेजारी लमार, कॉलरमध्ये मान अडकल्यासारखा. अर्नेस्टीन उठली. दालन गच्च, गप्प. दोन टेबलांमधून, सगळ्यांच्या देखत, न्यायाधीशांकडे पाठ करून तिला दारापर्यंत जायचं होतं. डावा हात आपोआप पाठीमागे गेला. आणि उजव्या हाताचं एक बोट वर झालं.

तिला ते कळलंही नाही. जन्मभराच्या सवयीनं वाकून ती दोन पावलं चालली.

"हो, मिसेस बॉईकिन?" न्यायाधीश म्हणाले. "काही सांगायचंय तुम्हाला?"

न्यायाधीशांच्या चर्चमध्ये प्रवचन वेळेवर संपायचं आणि मधे कुणी उठत नसे. त्यांना ते बोट शाळेतल्या बोटासारखं वाटलं. ते बोट बोलण्याची परवानगी मागत नाही, निघून जाण्याबद्दल माफी मागतं, हे त्या दालनात ठाऊक असलेली माणसं सगळी मागच्या बाकांवर होती.

अर्नेस्टीननं आपल्याच बोटाकडे पाहिलं. 'काही नाही, साहेब, सवय आहे' एवढं म्हणायचं होतं. खरंही होतं ते. लोनर्गननी डोळे मिटले. क्रेमर खिडकीबाहेर पाहत होते. ओला मे हलकेच मान हलवत होत्या: निघून ये, पोरी, निघून ये.

"हो," अर्नेस्टीन म्हणाली.

"हरकत आहे!" लोनर्गन उठले. "आमचीही!" संघटनेचा वकील उठला. इतक्या वर्षांच्या खटल्यात दोन्ही बाजूंचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती. न्यायाधीशांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांचं कुतूहल एकदम वाढलं.

"बसा. बोला, मिसेस बॉईकिन."

"मी सांगितलेला आकडा बरोबर आहे, युवर ऑनर. पण तो आत आलेल्यांचा आहे. जे जुन्या चाचणीतून आधीच निवडले गेले, त्यांनाच आम्ही पेपर दिला. जे दाराबाहेर राहिले ते त्या आकड्यात नाहीत. आणि फरक होता तो तिथंच."

"म्हणजे खरा फरक मोठा आहे?"

"माझ्या हिशेबानं जवळजवळ तिप्पट. पण तो हिशेब आहे, मोजमाप नाही. मोजायचं तर जे अर्ज करून थांबलेत त्या सगळ्यांना हा पेपर द्यायला हवा. निवडीसाठी नाही. नुसतं मोजायला; निवडीसाठी याच घडणीचे दुसरे प्रश्न काढता येतील."

"तोवर भरती?"

तिनं मागच्या बाकाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं.

"तोवर थांबवावी लागेल."

ओला मे उठल्या. बोट न उचलता, ताठ, टाचा वाजवत त्या बाहेर गेल्या.

न्यायाधीशांनी तसाच हुकूम दिला. चाचणी आधी सगळ्या उमेदवारांवर वसंतात करून बघायची, तोवर नेमणूक नाही. वाट पाहून ज्यांचं वय उलटेल त्यांचं काय, असं संघटनेच्या वकिलानं विचारलं. वयाची अट राज्याच्या कायद्यातली आहे आणि राज्याचा कायदा या खटल्यात माझ्यासमोर नाही, असं न्यायाधीश म्हणाले. हे त्यांनी खेदानं म्हटलं. खेदाची नोंद कामकाजात झाली नाही.

क्रेमरनी अर्नेस्टीनला काढून टाकलं नाही. तेवढ्या थराला ते जात नसत. विश्लेषणाचं काम त्यांनी एका नव्या मुलाकडे दिलं आणि तिला परीक्षागृहांवर देखरेखीला लावलं: उमेदवारांना जागा दाखवायची, पेन्सिली वाटायच्या, मधे कुणी ये-जा करणार नाही याकडे लक्ष ठेवायचं. "तुम्हाला जमेल," ते म्हणाले. जमण्यासारखंच होतं. त्या कामाचा तिला चर्चमधला अनुभव होता.

चर्चमध्ये ओला मेंनी तिची जागा बदलली. प्रमुखांचा तो हक्क असतो. मुख्य दरवाजातून तिला तळघराच्या जिन्याशी पाठवलं, जिथून फक्त स्वयंपाकाच्या बाया आणि उशिरा येणारी पोरं जातात. ओला मे बोलायच्या, पण हातमोज्यांनी: दोन बोटं, तिकडे उभी राहा, तळवा, थांब. फेब्रुवारीचा तो रविवार आला तेव्हा लमारसाठी वृंदानं वाढदिवसाचं गाणं म्हटलं. अर्नेस्टीननं ते जिन्यातून ऐकलं. वृंद नेहमीसारखाच सुरात होता.

एप्रिलमध्ये शाळेच्या मोठ्या व्यायामशाळेत चाचणी झाली. बाकं लांबपर्यंत मांडलेली. काळी पोरं, गोरी पोरं, पूर्वी गळलेली, कधीच न बसलेली, काही नुसती उत्सुकतेनं आलेली. या चाचणीतून कुणाला नोकरी मिळणार नाही असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, तरी माणसं आली होती. अर्नेस्टीन दारात उभी होती, डावा हात मागे. घंटा झाली, दार लावलं, कुजबुज थांबली. पेन्सिलींचा आवाज सुरू झाला.

दार पुन्हा उघडलं. लमार होता, गोदामाच्याच कपड्यात, खांद्यावर धूळ.

"तुझं वय उलटलं," ती कुजबुजली. तिला दुसरं काहीच सुचलं नाही.

"यादीत नाव आहे माझं. काढलेलं नाही कुणी." त्यानं घाम पुसला. "तुम्हीच म्हणाला होतात ना कोर्टात. जे आत घेतले नाहीत तेच हवेत म्हणून."

"आई?"

"आईला सांगितलं नाहीये. तुम्हीही सांगू नका. तिच्या कोंबडीला आधीच नावं ठेवलीयत तुम्ही."

त्याच्या आवाजात माफी नव्हती, आणि तिनं ती मागितलीही नव्हती. तिनं त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि दोन बोटांनी दाखवलं: चौथी रांग, भिंतीकडची.

सगळं दालन मान खाली घालून लिहीत होतं. लमारनं एक बोट वर धरलं, पाठ वाकवली आणि चवड्यांवर चालत आत गेला.